जुनी सिटी व्हीटेक विकताना

होंडाने २००० साली भारतातील सिटी गाडीला १.५ लिटरचे व्हीटेक इंजिन दिले. ताकद १०६ अश्वशक्ती. २००३ मध्ये हे मॉडेल बंद झाले, पण शौकिनांच्या मनातून उतरले नाही. जपानी स्पोर्ट्स कारची हौस मध्यमवर्गीय माणसाने भागवली ती याच गाडीवर. नागपुरात अशी राखलेली गाडी विकायला निघाली की गॅरेजवाल्यांत तिची चर्चा होतेच.

अलॉय चाके, मोठा सायलेन्सर, खाली बसवलेल्या स्प्रिंगा, हा सारा खर्च किमतीत वसूल करावा असे मालकांना वाटते. आम्हाला ते पटत नाही. हौसेचा पैसा परत येत नसतो. जाणकार गिऱ्हाईक आधी विचारते, कंपनीचे मूळ सामान कुठे आहे? ते गोणीत बांधून ठेवले असेल तर गाडीसोबत द्यावे, भाव त्यानेच टिकतो. कारण कायद्याचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीची मूळ रचना बदलता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठरवल्या. शिवाय १५ वर्षे उलटलेल्या गाडीला दर ५ वर्षांनी तपासणीला उभे राहावेच लागते.

व्हीटेकची खुबी कारागीर बांधवांना ठाऊक आहे. इंजिन जोरात फिरू लागले की ऑइलच्या दाबाने रॉकर एकमेकांत अडकतात आणि इनटेक व्हॉल्व्ह जास्त उघडतात. म्हणजे सारा खेळ ऑइलचा. ऑइल आणि टायमिंग बेल्ट वेळेवर बदलल्याच्या पावत्या चकाकत्या रंगापेक्षा मोलाच्या. गाडी दाखवावी तीही नागपूरच्या भर दुपारी, एसी लावून. सकाळच्या गारव्यात कोणताही रेडिएटर चांगलाच वाटतो!

पुटीखाली झाकलेला गंज, उघडलेले इंजिन, जुना अपघात हे सौद्याआधीच सांगून टाकावे. धान्याच्या ढिगाखालची ओल दाखवणारी हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. लपवलेला ऐब नंतर सापडला तर माल परत करण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क, खियार-उल-ऐब, फिकहने मानलेला आहे.

नमुना २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दलालाच्या हवाली करण्याची रीत मात्र घातक. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच डोक्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणून एमएच ३१, ४० वा ४९, ज्या कार्यालयाचा नंबर असेल तिथे नाव बदलल्याची खात्री विकणाऱ्याने स्वतः करावी. गाडी छिंदवाड्याला किंवा रायपूरला जाणार असेल तर नमुना २८ चा ना-हरकत दाखला लागेल. गाड्यांचाच धंदा करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला जानेवारी २०२५ पासून खरेदी-विक्रीतील फरकावर १८ टक्के जीएसटी आहे, घरची गाडी विकणाऱ्याला नाही. चावी देताना तारीख आणि वेळ घालून पावती घ्यावी, आणि सोबत दिलेल्या मूळ सामानाची यादी त्याच कागदावर लिहावी.