यंत्र आपले, किल्ली कोणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीला दिले जाणारे नियमित पाठबळ थांबविले. तिच्या पुढची ‘विंडोज ११’ ही आवृत्ती २०१७ पूर्वी बाजारात आलेल्या बहुतेक संगणकांना पात्रच मानत नाही. अचलपूर-परतवाड्यासारख्या जोडगावात, किंबहुना वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी, शाळेच्या संगणकखोलीत, पतसंस्थेत, झेरॉक्सच्या दुकानात असे संगणक सापडणे मुळीच अवघड नाही. त्यांचा पडदा उजळतो, कळफलक साथ देतो, हिशेब बिनचूक होतो. यंत्रात बिघाड नाही. तरीही ते निकालात निघाले आहे. ज्याने पैसे मोजले त्याने ते निकालात काढलेले नाही, ही यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

असा संगणक लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर आणखी कित्येक वर्षे काम देऊ शकतो, हे आता पुष्कळांच्या कानावर आले आहे. मग शाळा आणि कार्यालये तिकडे का वळत नाहीत? सवय, भीती, प्रशिक्षणाचा अभाव ही कारणे आहेतच. पण लिपिकाचा पहिला प्रश्न तात्त्विक नसतो. तो विचारतो, ‘यावर आमचा प्रिंटर चालेल काय? स्कॅनर चालेल काय?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, की मुक्तस्रोताची सारी थोरवी दाराबाहेर राहते. संगणकाच्या स्वातंत्र्याचा मोठा वाद शेवटी एका लहानशा आज्ञावलीपाशी येऊन थांबतो. तिचे नाव ड्रायव्हर.

प्रत्येक उपकरणाची स्वतःची एक बोली असते. कोणता अंक पाठविला म्हणजे कागद आत ओढायचा, कोणत्या अंकाने शाई सोडायची, कागद संपल्याचे यंत्र कोणत्या खुणेने कळविते, हे सारे त्या बोलीत ठरलेले असते. संगणकाच्या प्रणालीला ती उपजत येत नाही. मध्ये दुभाषा लागतो. ड्रायव्हर हा तो दुभाषा होय. विंडोजसाठी तो उपकरण बनविणारी कंपनी स्वतः लिहून देते. लिनक्ससाठी काही कंपन्या लिहून देतात, काही देत नाहीत, आणि जेथे त्या देत नाहीत तेथे कोणी तरी पुढे येऊन तो लिहावा लागतो. वायफाय, ध्वनी, पडदा यांचे दुभाषे लिनक्सच्या गाभ्यातच राहतात. प्रिंटर आणि स्कॅनर यांचे त्याच्या शेजारी, ‘कप्स’ आणि ‘सेन’ या सहप्रकल्पांच्या आश्रयाने. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली एकट्याने आरंभिलेल्या या गाभ्याची संहिता आज तीन कोटी ओळींच्या पलीकडे गेली आहे, आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचाच आहे. याचा अर्थ असा, की लिनक्सचा बहुतांश संसार हा बुद्धीच्या अचाट झेपेतून उभा राहिलेला नसून, हजारो उपकरणांची बोली एकेक करून शिकलेल्या माणसांच्या चिकाटीतून उभा राहिला आहे.

यंत्राची मालकी आणि यंत्राचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अचलपूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नसावी. अचलपूर-मुर्तिजापूर-यवतमाळ हा ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जाणारा नॅरोगेज मार्ग स्वातंत्र्यानंतरही सरकारच्या मालकीचा झाला नाही. तो खासगी कंपनीकडेच राहिला. परंतु त्या मार्गावर १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावले. सत्तर वर्षांहून अधिक काळ ते चालले याचे एक कारण असे, की वाफेच्या इंजिनात लपवून ठेवण्यासारखे काही नसते. दट्ट्या, झडप, दांडा सारे डोळ्यांसमोर. झिजलेला भाग कुशल कारागिराला मोजता येतो, घडविता येतो. मालकी दुसऱ्याची होती, पण ज्ञान येथल्या कारागिराच्या हाती होते. संगणकाच्या बाबतीत नेमके उलटे घडले आहे. पावती आपल्या नावाची, यंत्र आपल्या टेबलावर; मात्र त्याची बोली दूरच्या एका कंपनीच्या कपाटात बंद. कंपनीने त्या उपकरणावरून लक्ष काढून घेतले, की धडधाकट उपकरणही मुके होते.

मुक्त संहितेच्या चळवळीचा उगम अशाच एका मुक्या यंत्रापाशी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर मिळाला. त्यात वारंवार कागद अडके. जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत बदल करून कागद अडकल्याची सूचना सर्वांच्या पडद्यावर येईल अशी सोय तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी केली होती. नव्या प्रिंटरची मूळ संहिता त्यांनी मागितली, तेव्हा ती ज्याच्यापाशी होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. १९८३ साली स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभव होता. कागद अडकण्यासारख्या क्षुल्लक गैरसोयीतून एवढा मोठा विचार निघावा, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. गैरसोय क्षुल्लक होती. ती दूर करण्याची मनाई क्षुल्लक नव्हती.

मराठी कार्यालयांनी या मनाईची किंमत आपल्या परीने मोजलेलीच आहे. १९९० च्या दशकात मराठी टंकलेखनासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट वापरात होते, आणि प्रत्येकाने अक्षरांना आपापल्या मर्जीने क्रमांक दिले होते. त्या काळातील टिपणी किंवा प्रश्नपत्रिका आज उघडली आणि तो फॉन्ट हाताशी नसला, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा समोर येतो. मजकूर आपला, भाषा आपली, श्रम आपल्याच लिपिकाचे. किल्ली मात्र दुसऱ्याची. युनिकोड या सर्वांना खुल्या असलेल्या प्रमाणाचा प्रसार झाल्यावर हा जाच पुष्कळ कमी झाला. अक्षरांच्या बाबतीत जे घडले, तेच उपकरणांच्या बाबतीत घडणे म्हणजे ड्रायव्हर खुला होणे.

कंपनी माहिती देत नसेल तर काय करायचे, याचीही उदाहरणे आहेत. ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपांची माहिती मिळेना, तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंपनीच्या ड्रायव्हरची वागणूक अभ्यासून त्या बोलीचे वर्णन लिहून काढले. आणि मूळ ड्रायव्हर ज्यांनी पाहिलाच नव्हता अशा दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. उचलेगिरीचा आरोप येऊ नये म्हणून पाळलेले हे सोवळे होते. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने आपल्या काही नव्या चिपांसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला. एनव्हिडिया या बलाढ्य कंपनीनेही वर्षानुवर्षांच्या टीकेनंतर मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा लिनक्सच्या गाभ्याशी जोडणारा भाग खुला केला. लोकांनी काम करून दाखविले, की कंपन्यांची कपाटे उघडतात; नुसत्या विनंतीने ती क्वचितच उघडतात.

हे सारे महानगरांतल्या मोठ्या अभियंत्यांचे काम आहे, अचलपूरच्या विद्यार्थ्याचा त्यात काय पाड, असा प्रश्न येथे कोणी विचारील. तो वाजवी आहे. परंतु त्याचे उत्तर वाटते तितके निराशाजनक नाही. संपूर्ण नवा ड्रायव्हर लिहिणे कठीण खरे. त्यासाठी ‘सी’ ही भाषा चांगली यावी लागते आणि संगणकाच्या अंतरंगाचा अभ्यास लागतो. पण पहिली पायरी पुष्कळ खाली आहे. यूएसबीने जोडलेले प्रत्येक उपकरण संगणकाला दोन क्रमांक सांगते, एक उत्पादकाचा आणि एक स्वतःचा. बाजारात मिळणाऱ्या वायफायच्या लहान डब्यांवर नावे निरनिराळी असली, तरी आतली चिप पुष्कळदा एकच असते, आणि तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो. केवळ या डबीचा क्रमांक त्याच्या यादीत नसतो. तो घालायचा, उपकरण प्रत्यक्ष चालवून पाहायचे, आणि बदल त्या भागाची जबाबदारी घेतलेल्या जाणत्याकडे ईमेलने पाठवायचा. एका ओळीचे काम. पण ते उपकरण ज्यांच्याकडे आहे त्या जगभरच्या सर्वांच्या ते उपयोगी पडते. यासाठी उपकरण हाती असावे लागते, आणि नेमके जे जुने, स्वस्त, अनोळखी उपकरण मोठ्या शहरातील अभियंत्याच्या टेबलावर कधी येत नाही, ते तालुक्याच्या गावात असते.

पाठविलेला बदल लगेच स्वीकारला जातो असे मात्र नाही. तो सर्वांसमक्ष तपासला जातो, चुका दाखविल्या जातात, तीन-चार वेळा परत येतो. स्वीकारला गेला तर साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघणाऱ्या पुढल्या आवृत्त्यांपैकी एकीत त्याचा समावेश होतो. २००४ पासून प्रत्येक बदलाखाली पाठविणाऱ्याने आपली सही करावी, हे काम देण्याचा आपल्याला अधिकार आहे अशी ग्वाही द्यावी, असा दंडक आहे. ती सही कायम राहते. पदवीचे प्रमाणपत्र पेटीत पडून राहते. ही सही मात्र जगातील कोणालाही पाहता येते, आणि तिच्याशेजारी ते कामही दिसते.

याउलट नुसत्या दिखाऊ सहभागाचा परिणाम काय होतो, तेही पाहण्यासारखे आहे. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या वार्षिक उपक्रमात २०२० साली, टी-शर्ट मिळतो म्हणून, असंख्य लोकांनी खुल्या प्रकल्पांकडे निरर्थक बदलांचा भडिमार केला. कोठे एक विशेषण वाढव, कोठे शीर्षक बदल, असले ते ‘योगदान’. प्रकल्प चालविणारे इतके त्रासले, की आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावे लागले. या भडिमारातील भारतीय विद्यार्थ्यांच्या वाट्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. गुणांसाठी प्रयोगवही उतरवून काढण्याची सवय येथेही चालेल, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. ड्रायव्हर चालतो किंवा चालत नाही. तेथे मखलाशीला जागा नाही.

शिवाय ड्रायव्हर एकदा देऊन मोकळे होण्याची ही गोष्ट नव्हे. गाभा बदलत राहतो, त्याबरोबर ड्रायव्हरही बदलावा लागतो. ज्याला वापरणारा उरला नाही आणि सांभाळणाराही उरला नाही, तो भाग शेवटी काढून टाकला जातो. २०१८ साली आठ जुन्या संगणकरचनांचे आधार असेच एकदम काढले गेले. सामायिक विहिरीचा गाळ कोणी तरी काढावाच लागतो. हे काम एकट्या विद्यार्थ्यापेक्षा महाविद्यालयाला अधिक शोभते, कारण विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो, विभाग राहतो. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रीय प्रकल्पाला आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक देऊ केले आहेत. गावातील शाळा व कार्यालयांतील उपकरणांची नोंद करणे, कोणती लिनक्सवर चालतात ते तपासणे, न चालणाऱ्यांपैकी एखादे चालते करणे, यापरता खरा क्षेत्रीय प्रकल्प कोणता? शिकण्याची साधनेही दूर नाहीत. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने लिनक्सचे प्राथमिक पाठ मराठीतून उपलब्ध केलेले आहेत.

सरकारकडेही या बाबतीत बोट दाखवावे लागेल. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. परंतु उपकरणे खरेदी करताना त्यांचा ड्रायव्हर खुला आहे की नाही, हे निविदेत विचारले जात नाही तोवर ते धोरण कागदावरच राहणार. केरळच्या शासकीय शाळांनी २००० नंतरच्या दशकातच मुक्त प्रणालीचा मार्ग धरला आणि तो सोडला नाही. तेथे जे जमले ते महाराष्ट्राला अशक्य आहे असे नाही. निविदेत एकच अट घालावी: उपकरणाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य प्रवाहात असला पाहिजे, नाहीतर त्याची तांत्रिक माहिती खुली असली पाहिजे. हजारो उपकरणे एकदम घेणाऱ्या ग्राहकाचे बोलणे कोणताही विक्रेता सहसा टाळत नाही. या अटीला खर्च काही नाही; लागते ती केवळ समज.

स्वावलंबनाच्या गप्पा या देशात पुष्कळ झाल्या, आणि त्यांत चिप कोठे तयार होणार याचीच चर्चा अधिक झाली. ती चिप आपल्याशी कोणत्या बोलीत बोलणार आणि ती बोली कोणाला येणार, हा प्रश्नही तितक्याच महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी कारखाना लागत नाही, भांडवल लागत नाही. एक जुने उपकरण, एक साधा संगणक आणि नकार पचवून पुन्हा प्रयत्न करणारा विद्यार्थी लागतो. यांपैकी काहीही अचलपूरला नाही, असे कोण म्हणेल?