लिलावात लेकीबाळी

१ जानेवारी २०२२. नववर्षाच्या सकाळी शंभराच्या आसपास मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'बुल्ली बाई' ॲपवर लिलावाला लागले होते. पत्रकार, कार्यकर्त्या, बोलणाऱ्या बाया. जेएनयूतून बेपत्ता झालेल्या नजीबच्या अम्मी फातिमा नफीसही त्यात होत्या. खरेदी-विक्री कुणाला करायचीच नव्हती. तोंड बंद करायचे होते.

जुलै २०२१मध्ये 'सुल्ली डील्स'ने हेच केले. तक्रारी झाल्या, सहा महिने अटक नाही. या वेळी मुंबई पोलिसांनी आठवडाभरात अटका केल्या. त्यात अठरा वर्षांची एक मुलगीही (हो, मुलगीच!).

'फोटो काढून टाक, लिहू नकोस' असे आपण घरी लेकीलाच सांगतो. आम्हीही सांगितले असते. पत्रकार इस्मत आरा मात्र त्याच दिवशी दिल्ली पोलिसांकडे तक्रार घेऊन गेल्या.