एसी मोठा, हवा दमट

एसी घ्यायला दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, किती टनाचा? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते. ‘दीड लागेल म्हणताय ना, मग दोनचाच घेऊ. मे महिन्यात कमी पडायला नको.’ हप्त्यांची सोय झाल्यापासून एसी दहा बाय बाराच्या खोलीतही आला आहे. पावसाळ्यात खोकला, शिंका, दम्याची धाप घेऊन बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांना मी घरातल्या ओलीबद्दल विचारतोच. अलीकडे त्यात आणखी एक प्रश्न आला आहे: खोली केवढी आणि एसी केवढा?

‘टन’ हे एसीचे वजन नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता खोलीबाहेर काढण्याची ती क्षमता आहे. हिशेबाने ती साधारण साडेतीन किलोवॅट भरते. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे एक टन ही काही लहानसहान क्षमता नाही.

थंड झाले, कोरडे झाले नाही

एसी दोन कामे करतो. हवा थंड करतो आणि तिच्यातली वाफ काढून घेतो. ही वाफ आतल्या गार नळ्यांवर पाणी होऊन जमते आणि पाइपमधून बाहेर जाते. मात्र नळ्या पुरेशा गार व्हायला आणि त्यांवर जमलेले पाणी ओघळायला काही मिनिटे लागतात.

समजा, ऑगस्टच्या रात्री खोलीची गरज ०.६ टन आहे. एक टनाचा एसी तासात साधारण ३६ मिनिटे चालेल, दोन टनांचा फक्त १८ मिनिटे. तासात सहा वेळा चालू-बंद होत असेल, तर मोठ्या एसीला दर वेळी तीनच मिनिटे मिळतात. पाणी ओघळायच्या आतच कॉम्प्रेसर बंद होतो. पंखा सुरूच राहिला, तर नळ्यांवरचे पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत येते. खोली गार लागते, पण दमट राहते. अंगाला चिकटपणा जाणवतो, म्हणून आपण तापमान आणखी खाली आणतो आणि बिल वाढते. इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी करू शकतो, पण एका मर्यादेपर्यंतच. फार मोठा असेल तर तोही चालू-बंदच्या चक्रात अडकतो.

वर्षाचे ८,७६० तास

इमारतींच्या ऊर्जेचा अभ्यास करणाऱ्यांनी हे संगणकावर मांडले आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ‘एनर्जीप्लस’सारख्या प्रणालीत भिंती, खिडक्या, छत, माणसे आणि त्या गावाचे हवामान यांची माहिती भरली, की वर्षातल्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला घराची गरज किती, हे काढता येते. त्यात यंत्र अर्ध्या क्षमतेवर किंवा तुटक तुटक चालताना किती वाया घालवते, याचेही गणित असते.

थंड देशांत हाच प्रश्न घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीबाबत, म्हणजे फर्नेसबाबत येतो. जुनी फर्नेस दर वेळी पेटताना आधी स्वतः तापते आणि विझल्यावर उरलेली ऊब धुराड्यातून निघून जाते. ती जितक्या वेळा पेटेल-विझेल, तितके नुकसान. धुरातलीही उष्णता वापरणाऱ्या नव्या फर्नेसमध्ये हे नुकसान बरेच कमी असते. आपल्या दमट किनाऱ्यावर मात्र विजेच्या नुकसानीला ओलीची जोड मिळते.

आपण यंत्र मे महिन्यातल्या सर्वांत तापलेल्या दुपारी डोळ्यांसमोर ठेवून घेतो आणि वापरतो उरलेल्या हजारो तासांत. पावसाळ्यात तर उष्णता कमी आणि दमटपणा जास्त, म्हणजे मोठ्या एसीची सर्वांत अवघड परीक्षा तेव्हाच.

फुप्फुसांचा संबंध

दमट खोलीत भिंतीच्या कोपऱ्यांत आणि कपाटामागे बुरशी धरते. गादी-उशीत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. दोन्ही गोष्टी दम्याच्या आणि ॲलर्जीच्या रुग्णांना त्रासदायक. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाच्या तक्रारी व दमा अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केले आहे. सगळा दोष एसीचा नसतो. गळके छत आणि बंद खिडक्याही कारणीभूत असतात. पण हजारो रुपये मोजून आणलेल्या यंत्राने ओल हटायला हवी, ती टिकायला नको.

काय करावे?

* विक्रेत्याला फक्त खोलीचे क्षेत्रफळ सांगू नका. उंची, पश्चिमेचे ऊन, वरचा मजला, काचा आणि माणसे धरून हिशेब मागा. तापणाऱ्या खोलीला फार लहान एसीही चालत नाही.
* आधी उष्णता अडवा. जाड पडदे, गच्चीवर पांढरा रंग. मग लहान एसी पुरू शकतो.
* मोठा एसी आधीच असेल, तर पावसाळ्यात ‘ड्राय’ मोड वापरा आणि पंखा ‘ऑटो’वर ठेवा.
* एसी २४ अंशांवर ठेवून छताचा पंखा मंद चालवा. फिल्टर धुवा, पाणी जाणारा पाइप तुंबू देऊ नका.
* आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहा.
* साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. पाऊस उघडला की खिडक्या उघडा.

खोलीत कुबट वास येत असेल आणि रात्री खोकला वाढत असेल, तर डॉक्टरांना घराबद्दलही सांगा. दम्याचा इन्हेलर मात्र आपल्या मनाने बंद करू नका. औषधाचा डोस वजन पाहून ठरवतात. एसीचा डोस खोली पाहून ठरवावा.