युरेकाचे बंड आणि मताचा हक्क

मताचा हक्क आज आपणांस इतका सहज लाभतो की, त्यासाठी कोणी कोठे किंमत मोजली याचे स्मरणही सहसा होत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातील सोने खणणाऱ्यांच्या एका बंडाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

१८५१ साली व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले आणि देशोदेशींची माणसे कुदळी-फावडी घेऊन तेथे लोटली. सरकारने प्रत्येक खणणाऱ्यावर परवान्याची सक्ती केली. आरंभी त्याची फी महिना ३० शिलिंग होती. सोने सापडो वा न सापडो, पैसे भरावेच लागत. पोलीस वरचेवर छापे घालीत आणि ज्याच्याजवळ परवाना नसेल त्यास दंड होई. बरे, हा कर बसविणाऱ्या विधिमंडळात या लोकांचा प्रतिनिधी कोण? कोणीच नाही, त्यांना मतच नव्हते.

११ नोव्हेंबर १८५४ रोजी बॅलरॅट येथे मोठी सभा भरली. जे कायदे आपण पाळावयाचे, ते करण्यात प्रत्येक नागरिकाचा आवाज असला पाहिजे, असे तीत ठरले. इंग्लंडातील चार्टिस्ट चळवळीचाच हा धडा होता. सरकार नमेना, तेव्हा लोकांनी परवाने जाळले, पीटर लेलर या आयरिश तरुणास पुढारी निवडले आणि त्रिशंकू नक्षत्राच्या निशाणाखाली शपथ घेतली. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्याने युरेका येथील त्यांच्या लाकडी कोटावर हल्ला केला. जेमतेम पाव तासात सारे आटोपले. निदान बावीस खाणवाले प्राणांस मुकले. लेलरचा हात गेला.

रणांगणावर बंड हरले, परंतु प्रश्न मिटला नाही. १८५५ साली तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले झाले आणि मेलबर्नच्या ज्युरीने तेराही जणांस निर्दोष सोडले. आमच्या मते खरा विजय येथे झाला. चौकशी मंडळाच्या शिफारशीवरून परवाना रद्द झाला. त्याजागी वर्षाला एक पौंडाचे हक्कपत्र आले आणि त्याबरोबर मतही. त्याच वर्षी लेलर विधिमंडळात निवडून गेला. १८५६ साली गुप्त मतदान आणि १८५७ साली कनिष्ठ सभागृहासाठी प्रौढ पुरुषांचे मतदान व्हिक्टोरियात आले.

हे सारे एकट्या बंडाने घडले, असे मात्र म्हणता येणार नाही. नव्या राज्यघटनेची तयारी आधीच चालू होती. बंडाने तिच्यामागे लोकमताचा रेटा उभा केला, इतकेच. शिवाय १८५५ सालीच चिनी खाणवाल्यांना अडविण्यासाठी माणशी दहा पौंडांचा कर बसला. स्त्रियांना राज्याच्या निवडणुकीत मत मिळावयास १९०८ साल उजाडावे लागले. ज्यांची ती भूमी, त्या मूळ रहिवाशांस तर कोणी विचारलेही नाही.

प्रतिनिधित्वावाचून कर नको, असे म्हणणाऱ्यांनीच दुसऱ्यांवर तसा कर बसू दिला. म्हणून आपला हक्क मागताना शेजाऱ्याचा हक्क आपण मोजतो की नाही, हे प्रत्येक पिढीने स्वतःस विचारावे, असे आम्हांस वाटते.