पोटाची त्वचा छातीवर रुजते तेव्हा

शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक वेळ अशी येते, की बेंबीखालचा त्वचा आणि चरबीचा अर्धा किलोभर वजनाचा तुकडा कुणाचाच नसतो. पोटापासून तो सुटलेला असतो, छातीला अजून लागलेला नसतो. त्यात रक्त येत नाही आणि जातही नाही. सर्जन सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून, केसाच्या जवळपास निम्म्या जाडीच्या धाग्याने, दोन-तीन मिलिमीटर व्यासाची एक धमनी जोडत असतात. मग एक नीला. मग रक्तवाहिन्यांवरचे चिमटे निघतात आणि फिकट पडलेल्या त्या तुकड्यावर हळूहळू गुलाबी झाक चढू लागते. कर्करोगापायी काढलेल्या स्तनाच्या जागी आता तो आयुष्यभर राहणार असतो.

डॉक्टर याला ‘डीप फ्लॅप’ म्हणतात. पोटाचा स्नायू न कापता नुसती त्वचा-चरबी तिच्या रक्तवाहिनीसकट उचलता येते, हे १९८९ मध्ये जपानच्या कोशिमा आणि सोएदा यांनी दाखवलं. १९९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट ॲलन यांनी ती युक्ती स्तन घडवायला वापरली. त्याआधी अटलांटाच्या कार्ल हार्ट्रॅम्फ यांची १९८२ची पद्धत चालत असे. तीत पोटाचा स्नायूही सोबत न्यावा लागे, आणि मग बाईला उताणं झोपल्यावर हाताचा आधार न घेता उठणं जड जाई.

छातीच्या बाजूला हा तुकडा ज्या धमनीला जोडतात, तीही मोठी मानाची आहे. छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने, बरगड्यांच्या आतून ती खाली उतरते. डाव्या बाजूची हीच धमनी हृदयाच्या बायपाससाठी सर्जनांच्या पहिल्या पसंतीची असते, कारण ती वर्षानुवर्षं सहसा तुंबत नाही. तिथं पोहोचायला बरेचदा बरगडीच्या कूर्चेचा छोटासा तुकडा काढावा लागतो. ऑपरेशननंतर छातीच्या मधोमध एक खोल ठणका का राहतो, याचं एक कारण हे.

शरीराचा तुकडा हलवायचा तर त्याचं रक्त तुटू द्यायचं नाही, हा धडा आधुनिक युरोप ज्या ऑपरेशनवरून शिकला, ते आपल्या पुण्याकडचं. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजी फौजेचे बैल हाकत असे. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे वर्षभर बिननाकाचा राहिल्यावर विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नाक करून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत चित्रासह छापली. कारागिराचं नाव मात्र त्यात नाही. मेणाच्या पातळ पत्र्याचा साचा करायचा, तो कपाळावर सपाट ठेवून तेवढी त्वचा कापायची, पण दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. मग तुकडा पिळून खाली नाकाच्या जागी बसवायचा. त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावर नवं नाक जगतं. पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं आणि साधारण पंचविसाव्या दिवशी पट्टी कापून टाकायची, असं त्या वर्णनात स्पष्ट लिहिलं आहे.

खरं नवल त्या पंचविसाव्या दिवसाचं आहे. पट्टी कापली तरी नाक मरत नाही, कारण दरम्यान चहूबाजूंच्या कडांमधून नव्या केशवाहिन्या आत शिरलेल्या असतात. हे काम कुणी शिवत नाही, कुणी जोडत नाही. डीप फ्लॅपमध्ये सर्जन जुनी नाळ तोडून नवी शिवतात एवढाच फरक. त्यापुढचं सगळं कावसजीच्या नाकात घडलं तेच. म्हणून मला वाटतं, आठ-दहा तासांच्या या शस्त्रक्रियेत सर्जन शरीरापुढे एक प्रस्ताव ठेवतात. तो मंजूर व्हायला महिने लागतात.

मुळात एका धमनीवर एवढा मोठा तुकडा जगतो कसा? मेलबर्नचे सर्जन इयन टेलर यांनी मृतदेहांच्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य भरून १९८७ मध्ये एक नकाशा मांडला. आपलं शरीर सुमारे चाळीस इलाख्यांत वाटलेलं आहे आणि प्रत्येक इलाख्याला पोसणारी मुख्य धमनी वेगळी. शेजारच्या इलाख्यांमध्ये अगदी अरुंद वाहिन्या असतात, पाटाला मातीने बुजवलेली दारं असावीत तशा. शेजारचा पाट आटला, की दाब पडून ही दारं फुटतात, रुंदावतात आणि पाणी पलीकडच्या वाफ्यात जातं. तीही सगळी एका दमात उघडत नाहीत. तुकड्याच्या टोकाशी कधी कधी चरबीची टणक गाठ उरते, ती पाणी न पोहोचलेल्या वाफ्याची. अशी गाठ हाताला लागली, की बाईच्या छातीत धस्स होतं. डॉक्टरांना दाखवावीच, पण प्रत्येक गाठ म्हणजे परत आलेला कर्करोग नव्हे.

पहिली रात्र जागरणाची. नर्स तासा-तासाला येते, रंग पाहते, हाताची पाठ लावून ऊब पाहते, बोटाने दाबून पांढरा झालेला ठिपका दोन-तीन सेकंदांत पुन्हा लाल होतो का ते पाहते. मग पेनासारखं डॉप्लर यंत्र टेकवते आणि खोलीत ‘फुस्स, फुस्स’ असा रक्ताचा आवाज घुमतो. खोली मुद्दाम उबदार ठेवलेली असते, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. तुकडा निळसर पडू लागला तर नीला तुंबली असं समजायचं आणि लगेच पुन्हा थिएटरात न्यायचं. वेळेत नेलं तर बहुधा वाचतो. पहिल्या दोन-तीन दिवसांचा घाट ओलांडला, की धोका झपाट्याने उतरतो.

रक्तवाहिन्या आकसवणारी आणखी एक गोष्ट आपल्याकडे घराघरांत डबीत असते. मिश्री. सिगारेट ओढता का, या प्रश्नाला कितीतरी बायका खरेपणाने ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री लावणं त्यांच्या लेखी दात घासणंच असतं. पण निकोटिन धुरातून आलं काय आणि हिरड्यांतून आलं काय, त्या दोन मिलिमीटरच्या धमनीला सारखंच. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी ती बंद करायची आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायची.

घरी आल्यावर बाई कमरेत वाकून चालते. पोटावरची त्वचा काढून वरची खाली ओढून शिवलेली असते, तेव्हा ताठ उभं राहिलं तर टाक्यांवर ताण येतो. आठवडा-दोन आठवड्यांत पाठ हळूहळू सरळ होते. झोपतानाही पाठीमागे उशांची रास आणि गुडघ्यांखाली एक उशी. शिवाय अंगाला नळ्या लटकत असतात. कापलेल्या जागी झिरपणारा द्राव त्यांतून डब्यात जमतो. तो रोज मोजून मिलिलिटरमध्ये वहीत लिहायचा. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आला, की नळी निघते. या नळ्यांना बायका जेवढ्या वैतागतात तेवढ्या दुखण्याला वैतागत नाहीत.

भेटायला येणारी मंडळी पथ्यं सांगतात. त्यातलं सगळ्यांत घट्ट पथ्य म्हणजे आंबट बंद, जखम पिकते म्हणून. आता याच्या बरोबर उलट पुरावा इतिहासात पडलेला आहे. जॉर्ज अॅन्सन यांचं इंग्रजी आरमार १७४० ते १७४४ या काळात जगप्रदक्षिणेला गेलं, तेव्हा ताज्या फळांवाचून खलाशांना स्कर्व्ही झाला. त्यांच्यात एक म्हातारा होता. १६९० च्या बॉयनच्या लढाईत त्याला जखमा झाल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्या जखमा जहाजावर पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. कारण व्रण म्हणजे एकदा बांधून सोडून दिलेली भिंत नाही. त्यातलं कोलॅजन सतत मोडत असतं आणि सतत नव्याने विणलं जात असतं. या विणीला क जीवनसत्त्व लागतंच. तेव्हा लिंबू पिळा, आवळा खा, पेरू खा. डाळ, अंडी, दूध, मासे यांतलं जे चालत असेल ते भरपूर खा. मधुमेह असेल तर साखर आवरा. जखम पिकायला तीच जास्त कारण होते.

त्या विणीला वेळ किती लागतो, हे आकड्यांत कळतं. तीन आठवड्यांनी वरून सगळं मिटलेलं दिसतं, पण व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या पाव भागाच्या आसपासच असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांवर जाते आणि तिथेच थांबते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, टाके बुजले आणि पाहुणे पांगले, की भरलेली बादली उचलणं, नातवाला कडेवर घेणं, वरच्या फळीवरून डबा काढणं हे जे सुरू होतं, ते फसवं. वजन सहा ते आठ आठवडे नाही म्हणजे नाही. व्रणाचा लालपणा आणि ताठरपणा ओसरायला तर वर्ष, कधी दीड वर्ष जातं.

पण हात मात्र बांधून ठेवायचा नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, की भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, रोज थोडी वर. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील किंवा तिथे किरणोपचार झाले असतील तर त्या हातात लसिकेचा द्राव साचून सूज येऊ शकते, अगदी वर्षांनंतरसुद्धा. एका हातातल्या बांगड्या अचानक घट्ट वाटू लागल्या, तर ती सुरुवातीची खूण समजा.

मज्जातंतूंची कथा सगळ्यांत संथ आणि मला विचाराल तर सगळ्यांत अद्भुत. कापलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. दहा सेंटिमीटर जायला तीन महिन्यांहून जास्त, तेही वाट सापडली तर. मधूनच मुंग्या येतात, वीज चमकल्यासारखी कळ जाते. बरेचदा तो तंतू पुढे सरकत असल्याचा निरोप असतो. मेंदूला नवा पत्ता कळायलाही वेळ लागतो. कपाळाच्या त्वचेचं नाक केलेल्या माणसाच्या नाकावर माशी बसली तर सुरुवातीला त्याचा हात कपाळाकडे जातो. पाठीचा स्नायू पुढे आणून स्तन घडवायची पद्धत इटलीतल्या पाविआच्या इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्ये मांडली होती, आजही ती वापरात आहे. तशा शस्त्रक्रियेनंतर छातीला झालेला स्पर्श काही बायकांना पाठीवर जाणवतो. स्नायूचा तंतू शाबूत ठेवला असेल तर हात मागे नेताना छाती थरथरते.

पोटाची चरबीही आपलं मूळ गाव विसरत नाही. छातीवर गेली तरी ती पोटाच्याच चरबीसारखी वागते. वजन वाढलं तर फुगते, घटलं तर उतरते.

सगळ्यांनाच हा मोठा मार्ग लागतो असं नाही. सिलिकॉनचं इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला प्रथम बसवलं गेलं. अनेकदा आधी एक रिकामी पिशवी ठेवून तिच्यात दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सलाइन भरतात. वरची त्वचा त्या ताणाने नुसती पातळ होत नाही, तिच्यात खरोखर नव्या पेशी तयार होतात, गरोदरपणात पोटावर होतात तशाच. इम्प्लांटचं ऑपरेशन लहान, उठणं लवकर. पण शरीर त्याच्याभोवती कोलॅजनचं कवच विणतं आणि किरणोपचार झालेल्या छातीत ते कवच आवळून येण्याचा धोका वाढतो. अशा वेळी स्वतःच्या रक्तवाहिन्या घेऊन येणारी पोटाची त्वचा उजवी ठरते. स्तनाग्र बहुतेक वेळा शेवटी, काही महिन्यांनी: त्वचेची घडी घालून उठाव करायचा आणि भोवतीचा रंग गोंदवून घ्यायचा.

काही बायका यातलं काहीच नको म्हणतात आणि सपाट छातीने मजेत जगतात. तोही पूर्ण निर्णय आहे. ‘या वयात कशाला ही हौस’ असं म्हणणाऱ्यांना मात्र दोन्ही बाबतींत बोलण्याचा अधिकार नाही. पुनर्रचना हवी असेल तर स्तन काढण्याच्या आधीच प्लास्टिक सर्जनची गाठ घ्या, कारण कुठली त्वचा राखायची, किरणोपचार कधी द्यायचे, हे तेव्हाच ठरतं.

ऑपरेशन झालेल्यांनी एक गोष्ट कधीच करू नये. छाती आणि पोट बधिर असताना गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक घेऊ नये. चटका जाणवत नाही, त्वचा भाजून निघते आणि कळतं ते फोड आल्यावर. हा बधिरपणा वर्षानुवर्षं राहू शकतो, काहींना कायमचा.

आणि विम्याच्या खिडकीवर कुणी ‘ही कॉस्मेटिक सर्जरी, पैसे मिळणार नाहीत’ असं सांगितलं तर पॉलिसी उघडून न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीतलं ०८ क्रमांकाचं कलम वाचा. विमा नियामकाने घालून दिलेल्या त्या मजकुरात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला अपवाद दिलेला आहे. ते वाक्य दाखवा आणि नकार द्यायचाच असेल तर लेखी मागा.