विश्लेषण : सुटकेसमध्ये दमास्कसची गल्ली! काय आहेत मोहम्मद हाफेझ यांची उठावशिल्पे?

जुनी सुटकेस उघडावी आणि आत कपड्यांऐवजी पडझड झालेली एक खोली दिसावी. तुटलेला सोफा, लोंबणाऱ्या वायरी, भिंतीला भगदाड. सीरियात जन्मलेले अमेरिकास्थित वास्तुविशारद मोहम्मद हाफेझ यांची ही कला.

हे शिल्प आहे की मॉडेल?

तांत्रिक भाषेत याला ‘मिक्स्ड मीडिया रिलीफ’ म्हणतात. रिलीफ म्हणजे उठावशिल्प. पाठीमागचा पृष्ठभाग कायम ठेवून आकृती पुढे आणायची. वेरूळच्या भिंतींवर आपण पाहतो तोच प्रकार, फक्त इथे दगड कोरलेला नाही. प्लास्टर, रंग, गंजलेले पत्रे, जुन्या यंत्रांचे सुटे भाग, वाळलेल्या काड्या असे हाताला लागेल ते वापरून भिंत ‘बांधली’ जाते. अनेकदा ही गल्ली जुन्या नक्षीदार चौकटीत बसवलेली असते.

गंमत म्हणजे हाफेझ यांचे पोटापाण्याचे काम याच्या अगदी उलट होते. दिवसा काचेच्या उंच इमारतींचे आराखडे, रात्री पोपडे उडालेल्या भिंती!

सुरुवात कशी झाली?

एका व्हिसामुळे. शिक्षणासाठी ते २००३ मध्ये अमेरिकेत गेले. ९/११ नंतरचे दिवस आणि हातात एकदाच प्रवेश देणारा व्हिसा. घरी गेले, तर परत येता येईल याची खात्री नाही. घर आठवायचे, पण जाता यायचे नाही. मग त्यांनी दमास्कसच हाताने घडवायला घेतले.

जुन्या दमास्कसची घरे खालून दगडी, वर लाकूड आणि माती. वरचा मजला गल्लीवर झुकलेला. बाहेरून साधी भिंत, आत कारंज्याचा चौक. आपल्याकडच्या वाड्याचा चौक आठवावा असाच. या जुन्या शहराला युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारसा म्हटले. २०१३ मध्ये सीरियातील सर्व सहा वारसास्थळे धोक्याच्या यादीत गेली.

युद्धाने काय बदलले?

२०११ मध्ये हाफेझ दमास्कसला जाऊन आले आणि तिथल्या रस्त्यांवरचे आवाज ध्वनिमुद्रित करून आणले. त्याच वर्षी संघर्ष पेटला. आधीच्या शिल्पांतली शाबूत घरे आता कोसळू लागली. जुने आवाज मात्र काही शिल्पांतून अजून ऐकू येतात. फोटोत ही शिल्पे अर्धीच कळतात, ती यामुळे. काही भिंतींवर धीर देणारी कुराणातील वचनेही दिसतात.

आणि सुटकेस?

२०१७ मधील ‘अनपॅक्ड : रेफ्युजी बॅगेज’ या मालिकेत त्यांनी इराकमध्ये जन्मलेले तरुण लेखक अहमद बद्र यांना सोबत घेतले. सीरिया, इराक, अफगाणिस्तान, काँगो, सुदान येथून आलेल्या निर्वासितांनी सोडलेल्या खोल्या सुटकेसमध्ये उभ्या केल्या. हेडफोन लावला, की ज्याची खोली तोच बोलू लागतो.

हाफेझ यांच्यावरील ‘अ ब्रोकन हाऊस’ हा २०२१ चा लघुमाहितीपट ऑस्करच्या अंतिम निवडीआधीच्या यादीपर्यंत पोहोचला होता.