तळहातावरचा दीर्घ विरंगुळा

पेठ वडगावासारख्या बाजारपेठेच्या गावी, दिवसभराचा जमाखर्च मिटवून मनुष्य रात्री ओसरीवर टेकतो, तेव्हा संगणकाच्या मेजापाशी पुन्हा बसण्याचे त्राण त्याच्या अंगी क्वचितच उरते. अशा वेळी व्हॉल्व कंपनीने २०२२ साली आणलेला, पाऊण किलोहूनही हलका ‘स्टीम डेक’ हा हाती धरायचा खेळसंच संगणकावरचे खेळ थेट हाती देतो. कळ दाबताच खेळ आहे त्या स्थळी निद्रिस्त होतो आणि पुन्हा दाबताच तेथूनच जागा होतो, म्हणून फुरसतीअभावी वर्षानुवर्षे अपुरे राहिलेले खेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने तडीस जातात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, भावाच्या शोधार्थ निघालेल्या मुलीची कथा सांगणारा ‘राजी’ (२०२०) हा खेळ असाच सावकाश आस्वादावा. नवलाई ओसरल्यावरही जो आनंद टिकतो, तोच खरा.